सुट्या तेलाला बॅच क्रमांक नसतो

खाद्यतेलात प्लास्टिक, धातूचे कण किंवा दुसरेच तेल आढळले, तर उत्पादकाने तो माल बाजारातून परत घेतला पाहिजे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम २८ मध्ये ही जबाबदारी सांगितली आहे आणि २०१७ च्या नियमांनी तिची पद्धत ठरवून दिली. पण माल परत घेणे चालते ते बॅच क्रमांकावर. पिशवीवरचा क्रमांक जुळला, तरच हे तेल वापरू नये हे ग्राहकाला कळते.

धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या आठवडे बाजारात मजुरीचे पैसे हाती आले की आपली माणसे डब्यातले सुटे तेल बाटलीत घेतात. त्या बाटलीवर ना कंपनीचे नाव, ना तारीख, ना क्रमांक. कंपनीने माल परत मागवला तरी ती बातमी वस्तीतल्या चुलीपर्यंत येणार कशी?

हा धोका काल्पनिक नाही. नंदुरबार जिल्हा झाला त्याच १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. पायांना सूज, उलट्या-जुलाब, धाप आणि शेवटी हृदयावर ताण अशी लक्षणे दिसली. सुमारे ३००० लोक आजारी पडले, ६० हून अधिक दगावले. हे झुडूप आपल्याकडेही पडीक जमिनीत उगवते. थोडी भेसळ घरी नजरेने ओळखता येत नाही.

२०११ च्या नियमांनुसार खाद्यतेल बंद वेष्टनातच विकायचे आहे. सूट द्यायची तर ती राज्य सरकारने. मग आठवडे बाजारातल्या उघड्या डब्यांची तपासणी का होत नाही, हा आमचा प्रश्न आहे. गरिबाने सुटे तेल घेऊ नये, एवढा उपदेश पुरेसा नाही. लहान पिशवी महाग पडते हे आम्ही जाणतो.

म्हणून आमची सूचना अशी: चार-पाच घरांनी मिळून पाच लिटरचा सीलबंद कॅन घ्यावा आणि तो सर्वांसमोर उघडावा. त्यावरचा बॅच क्रमांक व तारीख महिला मंडळाच्या वहीत लिहावी, पावती जपून ठेवावी. तेलाबद्दल शंका आली तर उरलेले तेल फेकू नका, वापरूही नका. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. घरात एकाच वेळी अनेकांच्या पायांना सूज आली, तर ताबडतोब सरकारी दवाखाना गाठा आणि कोणते तेल खाल्ले ते डॉक्टरांना सांगा.

कायदा सर्वांसाठी आहे. तो आठवडे बाजारातही लागू झाला पाहिजे.