कोकणचा किनारा वर्षातून एकदा, वैनगंगेचा काठ रोज

थंडी पडू लागली की विदर्भातल्या हौशी सायकलस्वारांना कोकण खुणावू लागते. दिवेआगरहून शेखाडी, कोंडिवली, आरावीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता बराच अंतर समुद्राला खेटून जातो. पुढे हरिहरेश्वर, बागमांडल्याला फेरीबोटीत सायकल चढवून वेसवीला उतरणे, मग केळशी, आंजर्ले, हर्णै आणि आणखी दक्षिणेला गेले तर गणपतीपुळे ते रत्नागिरीदरम्यानचा आरे-वारेचा किनारा. असे रस्ते आपल्या राज्यात आहेत, हे भाग्यच. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावे.

पण चार दिवसांची ही सफर करून आलेली माणसे ‘आता वर्षभराची बॅटरी चार्ज झाली’ म्हणतात, तेव्हा डॉक्टर म्हणून थोडे बोलावेसे वाटते. मनाची बॅटरी कदाचित होत असेल, शरीराची होत नाही. व्यायाम साठवून ठेवता येत नाही.

याचे कारण स्नायूंच्या कामात आहे. पायडल मारताना मांडीचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना त्या वेळी इन्सुलिनचीही फारशी गरज लागत नाही. सायकल थांबल्यावरही हे स्नायू काही काळ इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देत राहतात. हा फायदा साधारण एक ते तीन दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणूनच मधुमेह असलेल्यांना सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका, असे सांगितले जाते. रक्तदाबाचेही तसेच. व्यायामानंतर तो काही तास खाली राहतो. कायम खाली ठेवायचा तर व्यायाम पुन्हा पुन्हा करावा लागतो. डिसेंबरात शेखाडीच्या रस्त्यावर गाळलेला घाम फेब्रुवारीतल्या साखरेच्या कामी येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम हवा. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका दम लागणारा. आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास सायकल चालवली की १५० मिनिटे भरतात. ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने अर्ध्या तासात साडेसात किलोमीटर होतात. म्हणजे घरून निघून पावणेचार किलोमीटर जायचे आणि परत यायचे. ब्रह्मपुरीत कुठेही राहत असाल तरी एवढ्यात तुम्ही धानाच्या बांध्यांपाशी पोहोचता. गुडघे कुरकुरणाऱ्यांना धावण्यापेक्षा हे सोसते, कारण शरीराचा बराचसा भार सीटवर असतो. सीट मात्र नीट लावून घ्यावी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडे बहुतेकांची सीट फार खाली असते आणि मग दोष सायकलला दिला जातो.

ज्यांना कोकणात जायचेच आहे, त्यांच्यासाठीही घरचा रस्ता हीच तयारी आहे. आपला मुलूख सपाट. तिकडे खाडी ओलांडली की चढ, वर सडा, पुन्हा उतार, पुन्हा खाडी. वर्षभर दुकानात किंवा खुर्चीत बसलेल्या माणसाने अचानक असे चढ चढले की हृदयावर एकदम ताण येतो. सवय नसलेल्या जोरकस श्रमाच्या वेळी हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ खूपच कमी असते. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह, रक्तदाब किंवा खर्ऱ्याची सवय असलेल्यांनी निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी आणि निदान दोन-तीन महिने नियमित सायकल चालवावी. खर्रा तोंडात धरून सायकल चालवणे तर नकोच. तंबाखूतले निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते आणि नाडी वाढवते; चढावर हृदयाला नेमके याच्या उलट हवे असते.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. ‘डॉक्टरसाहेब, तुमचे बरोबर आहे, पण आपल्याकडे सायकल चालवायची कुठे आणि कधी? दुपारी ऊन, पहाटे वाघ आणि हमरस्त्यावर ट्रक.’ हा आक्षेप खरा आहे, म्हणून एकेक पाहू.

ऊन. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून गरम झाली की सायकलवर लागणारा वारा अंग थंड करत नाही, उलट तापवतो. मग घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. कोकणात दमट हवेमुळे घाम वाळत नाही, अंग चिकचिकते आणि माणूस वेळीच थांबतो. आपल्या कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो, अंग कोरडे वाटते आणि शरीरातले पाणी किती गेले ते कळतच नाही. म्हणून मार्च ते जूनच्या पूर्वार्धापर्यंत सकाळी नऊनंतर सायकल नको. तासाभराहून अधिक चालवायची असेल तर नुसते पाणी पुरत नाही. मिठाचे ताक, आंबील किंवा ओआरएस सोबत असावे. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे आले की सावलीत थांबा. सोबती असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

वाघ. ब्रह्मपुरी वनविभागात संरक्षित क्षेत्राबाहेरही वाघांचा मोठा वावर आहे. मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात दरवर्षी काय घडते, ते या जिल्ह्याला सांगायला नको. गोम अशी की ऊन आपल्याला पहाटेकडे ढकलते आणि पहाट व संध्याकाळ हीच वाघ-अस्वलांची फिरण्याची वेळ. यावर तोडगा रस्ता निवडण्यात आहे. जंगलातून जाणारे रस्ते, मग ते नागभीडकडचे असोत की घोडाझरीच्या बाजूचे, पूर्ण उजेड पडल्यावर आणि सोबतीनेच करावेत. रोजच्या फेरीसाठी वैनगंगेच्या बाजूचे, उघड्या शेतांतून गावोगाव जाणारे रस्ते निवडावेत. तिथेही आजूबाजूला ऊस किंवा दाट झुडपे असतील, वनविभागाने वाघ फिरत असल्याची सूचना दिली असेल, तर त्या दिवशी तो रस्ता सोडून द्यावा.

याच पट्ट्यातली आणखी एक गोष्ट म्हणजे सिकलसेल. हा आजार असलेल्यांना अतिश्रम, तहान आणि तापमानातला मोठा बदल यांमुळे तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळू, थांबत थांबत सायकल चालवावी, शर्यतीच्या भानगडीत पडू नये. जे फक्त वाहक आहेत, त्यांना सायकल वर्ज्य नाही. भर उन्हात, पाणी न पिता जिवाच्या आकांताने दौडणे मात्र टाळावे. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, ती करून घ्यावी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी निघू नये आणि खिशात साखर ठेवावी.

राहिला ट्रक. ऊन आणि वाघ यांच्यापासून वेळ व वाट बदलून वाचता येते. ट्रकचा प्रश्न सायकलवाल्याच्या हातात नाही. नागभीड-ब्रह्मपुरी-आरमोरी रस्त्यावरची वाहतूक वेगवान आहे. डांबर किंवा काँक्रीटची कड आणि बाजूची मातीची साइडपट्टी यांत वीतभर फरक पडला की मागून भोंगा ऐकू आल्यावर सायकलवाला खाली उतरूच शकत नाही. उतरलाच तर पडतो. धान कापणीनंतर तणस भरलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर अंधारात उभे असतात, ते वेगळेच.

आणि हा सायकलवाला कोण असतो? हेल्मेट घातलेला हौशी माणूस क्वचितच. दूध घेऊन येणारा, रोवणीला जाणारी मजूर बाई, शाळेत निघालेली मुलगी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, ही राज्यातली फार चांगली योजना. पण मुलीला सायकल द्यायची आणि ती चालवायला रस्त्याची कड द्यायची नाही, हे अर्धे काम झाले.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पर्यटनाचा सायकल मार्ग, त्यावर कमान आणि सेल्फी पॉइंट हे सगळे नंतर पाहता येईल. आधी शहरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर पहिले पाच किलोमीटर, डांबराच्या पातळीला मिळणारी पक्की साइडपट्टी हवी. जंगलाच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंची झुडपे पावसाळ्यानंतर छाटावीत, म्हणजे दूरवर दिसते. ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे लाल परावर्तक असल्याशिवाय ती हमरस्त्यावर येऊ देऊ नये. हा खर्च रस्ते खात्याचा दिसतो, पण आमच्या दृष्टीने तो आरोग्याचाच आहे. डोक्याला मार लागलेला सायकलस्वार मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचवायला इथून किती वेळ लागतो, ते या भागातल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे.

नगरपरिषदेत किंवा ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघेल, तेव्हा रुंदीबरोबर कडेचीही चौकशी करा. तोवर सीट थोडी वर घ्या, मागे लाल दिवा लावा, हेल्मेट घाला आणि उद्या उजेड पडल्यावर अर्धा तास नदीच्या बाजूला जाऊन या. कोकणात जायचे ठरलेच, तर तिथले चढही सोपे जातील.