टू-जी घोटाळा : राजा 'आपला' होता का, हा प्रश्नच चुकीचा!

६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या मैदानात पुस्तकांचे स्टॉल पाहत होतो. एका तरुण कार्यकर्त्याने अडवून विचारले, "सर, टू-जीमध्ये ए. राजाला दलित म्हणूनच अडकवलं ना?" गर्दीत कुणाच्या फोनला रेंज नव्हती, आणि आम्ही रेंजच्याच घोटाळ्यावर अर्धा तास भांडलो. तेव्हा नीट सांगता आले नाही, ते इथे लिहितो.

आधी वस्तुस्थिती. १० जानेवारी २००८ रोजी दूरसंचार खात्याने १२२ परवाने वाटले, तेही २००१ च्या दराने. देशभराचा परवाना १,६५८ कोटींना! १ ऑक्टोबर २००७ ही अर्जाची जाहीर मुदत मागे ओढून २५ सप्टेंबर केली. स्वान, युनिटेकने लगेच परदेशी भागीदारांना चढ्या भावाने हिस्से दिले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सुप्रीम कोर्टाने सर्व १२२ परवाने रद्द केले. २१ डिसेंबर २०१७ रोजी विशेष न्यायालयाने राजांसह सर्व आरोपींना निर्दोष सोडले. सीबीआय अपिलात गेली.

राजा दलित असल्यामुळे लक्ष्य झाले, असे करुणानिधी म्हणाले होते. राजांची जात सगळ्यांनी काढली, परवाने घेणाऱ्या मालकांची कुणीच काढली नाही, हे खरेच आहे. पण जात हा ना गुन्ह्याचा पुरावा, ना निर्दोषत्वाचा. आरोपी सुटले म्हणून वाटप न्याय्य ठरत नाही.

खरा प्रश्न आहे, यात आपले काय गेले? शिवाजी पार्कजवळच प्रभादेवीला एमटीएनएलचे टेलिफोन हाऊस आहे. या सरकारी कंपनीला २०१० च्या लिलावात निघालेल्या भावाने, फक्त मुंबई-दिल्लीच्या स्पेक्ट्रमसाठी, सुमारे ११ हजार कोटी मोजावे लागले. साल वेगळे, स्पेक्ट्रम वेगळे, मान्य. पण खाजगीला जुना भाव आणि सरकारीला लिलावाचा भाव, हा न्याय कुठला? कंपनी कर्जात रुतली. जानेवारी २०२० अखेर १४ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. त्या नोकऱ्यांत आरक्षण होते. खाजगी मोबाइल कंपन्यांत ते नाही. स्पेक्ट्रमसोबत आपल्या पोरांच्या जागाही गेल्या!

बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मंत्र्यांनी आपले हितसंबंध जाहीर करावेत, अशी दुरुस्ती आली. बाबासाहेबांनी ती अपुरी ठरवली. पदावर येताना आणि पद सोडताना, दोन्ही वेळा मालमत्ता जाहीर व्हावी, वाढ झाली तर खुलासा द्यावा, नाहीतर शिक्षा व्हावी, तरच अशा तरतुदीला अर्थ, असे त्यांनी दाखवून दिले. आणि शेवटी खरा पहारा जागृत लोकमताचा, असेही सांगितले.

आज पहारा कुठे आहे? ट्रायच्या अध्यक्षाने निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये, असा कायदा होता. नियंत्रकाने पुढच्या नोकरीकडे डोळा ठेवू नये, हा त्यामागचा हेतू. मे २०१४ मध्ये वटहुकूम काढून तो बदलला आणि ट्रायचे माजी अध्यक्ष नृपेंद्र मिश्रा पंतप्रधानांचे प्रधान सचिव झाले. सरकारे बदलली, कुंपण मोडायची सवय बदलली नाही.

म्हणून मित्रांनो, 'आपला माणूस' वाचवण्यात शक्ती घालवू नका. हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. त्या कुणी, कुणाला, कोणत्या भावाने दिल्या, हे विचारा. आणि विचारताना मंत्री कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, हे पाहू नका.

जयभीम!