खुराडं पत्र्याचं, ऊन सोलापूरचं

उन्हाळा आला की गावोगाव एकच तक्रार कानावर येते, "साहेब, कोंबड्यांना मर लागली." मग लस झाली, औषध झालं, दृष्टसुद्धा काढून होते. पण खुराड्याच्या पत्र्याला हात लावून कोणी बघत नाही. दुपारी दोनला तो पत्रा हाताला सोसवत नाही, आणि त्याच्याखाली आपण दहा-बारा कोंबड्या कोंडून शेतावर जातो. माझं स्पष्ट मत आहे की, कुंभारीसारख्या गावांत परसातल्या कित्येक कोंबड्या रोगानं नव्हे, खुराड्यानं मरतात.

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच 41 अंशांच्या आसपास असतं. तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं आणि पंख पसरणं, एवढाच तिचा इलाज. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद खुराड्यात तोही चालत नाही. शिवाय धापांमुळे रक्तातला कर्बवायू जास्त बाहेर पडतो आणि अंड्याचं कवच पातळ होतं. अंडी फुटायला लागली की कोंबडीला शिव्या घालू नका, वर बघा!

मर कसली हे ओळखता येतं. भर दुपारी किंवा तिसऱ्या प्रहरी, अंगानं भारी कोंबडी आधी गेली, तर ती उष्णता समजा. हिरवट हगवण, मान वाकडी होणं, लहानमोठी सगळीच मरणं, हा राणीखेतचा संशय. तिथं घरगुती उपाय नकोत, पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. गावरानपेक्षा वनराजा, गिरिराजासारखे वजनदार पक्षी उन्हाला लवकर हार जातात, हेही ध्यानात ठेवा.

उपायाला पैसा फारसा लागत नाही. पत्र्यावर उसाचं पाचट नाहीतर तुराट्या वीतभर जाड अंथरा आणि दोरीनं आवळा. कडबा नको, तो जनावरांच्या तोंडचा आहे. वरून पत्रा मोकळा असेल तर चुना मारा. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन आखूड बाजूंवर पडतं. लांब बाजूंना फळ्या न ठोकता बारीक जाळी लावा. मुंगसाच्या भीतीनं खुराडं डब्यासारखं बंद करणारे बरेच आहेत. जाळीनं मुंगूसही थांबतं आणि वाराही खेळतो. दुपारी जाळीवर ओलं गोणपाट सोडा, जुनी सोलापुरी चादरसुद्धा चालेल! आपली हवा कोरडी, म्हणून ही युक्ती लागू पडते. मात्र वळवाचा पाऊस झाल्यावर हवा दमट असते, तेव्हा गोणपाट गुंडाळून ठेवा.

पाण्याची हयगय सर्वांत महाग पडते. उन्हाळ्यात कोंबडी दुप्पट आणि त्याहूनही जास्त पाणी पिते, पण गरम पाण्याला तोंड लावत नाही. छतावरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी देऊ नका. मातीची पसरट भांडी सावलीत ठेवा आणि दिवसातून तीनदा पाणी बदला. दाणे सकाळी लवकर व संध्याकाळी टाका. अन्न पचतानाही अंगात उष्णता तयार होते, म्हणून दुपारी दाणा नको. धापा टाकणारी कोंबडी दिसली तर तिला सावलीत आणून तुरा व पाय साध्या पाण्यानं भिजवा.

आता गावच्या कारभाऱ्यांना दोन शब्द. 2020 मध्ये मंजूर झालेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत शंभर पक्ष्यांच्या शेडचा अंदाजित खर्च 49,760 रुपये धरला होता. छप्पर पत्र्याचंच. असं कुठलंही शेड मंजूर करताना ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांनी जागेवर जाऊन दिशा आणि झाड बघावं, एवढीच मागणी आहे. आणि मार्चअखेर म्हणून निधी संपवायला पिल्लं वाटू नयेत. ती नेमकी एप्रिल-मेच्या तोंडी जातात. त्यापेक्षा पावसाळा सुरू झाल्यावर वाटप करा.

सोलापूर शहर हाकेच्या अंतरावर आहे. 2006 मध्ये गोदूताई परुळेकर वसाहत आणि 2024 मध्ये रे नगर झालं, म्हणजे अंड्याचं गिऱ्हाईक दारातच आहे. घरच्या बाईच्या हाती येणारा हा आठवड्याचा पैसा. तो मे महिन्यात बंद पडावा, हे पटत नाही. जूनमध्ये खुराड्याच्या पश्चिमेला शेवग्याचे दोन फाटे रोवा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते अंगणात सावली धरतील, आणि शेंगा घरात येतील त्या वेगळ्याच.