बेस्ट रूट नावाची थाप

नवी नोकरी लागली की ऑफर लेटरनंतर पहिल्यांदा उघडतो तो मॅप. घर ते ऑफिस. निळी रेघ उमटते, खाली मिनिटं येतात आणि आपण आईला सांगून टाकतो, "सव्वा तास फक्त." माझं भांडण त्या 'फक्त'शी आहे.

मुंबईच्या लोकलला एक बेस्ट रूट असतो आणि हुशार माणसाला तो सापडतो, ही समजूत मला नुसती भाबडी वाटत नाही, ती घातक वाटते. कारण एकदा ती मान्य केली की उशीर झालेला माणूस आपोआप बावळट ठरतो. लवकर निघाला नाही, चुकीची गाडी धरली, प्लॅनिंग नाही. मॅनेजर म्हणतो, "अरे, दुसरा रूट ट्राय कर ना." जणू आम्ही वीस वर्षं एकाच गाडीला हौसेने लटकतोय.

एक सरळ उदाहरण घेऊ. डोंबिवलीचा मुलगा, नोकरी मरोळला. मॅप सांगतो, फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका. कागदावर झकास. २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा मध्य रेल्वेवरच्या हजारो लोकांची दादरची अदलाबदल सुटली, हे खरंच आहे. घाटकोपरहून मरोळ नाका चौथं स्टेशन. दहा-बारा मिनिटं.

आता मॅपला काय माहीत नाही ते बघा. सकाळी साडेआठला डोंबिवलीत येणारी फास्ट बदलापूर नाहीतर कल्याणहून भरून आलेली असते. मॅपच्या हिशेबात गाडी आली म्हणजे तुम्ही चढलात. प्रत्यक्षात गाडी येते, दारातले लोक तुमच्याकडे बघतात, तुम्ही त्यांच्याकडे बघता आणि गाडी निघून जाते. मग पुढची. म्हणून शहाणा डोंबिवलीकर डोंबिवलीहून सुटणारी गाडी शोधतो, किंवा पास कल्याणपर्यंतचा काढून आधी उलटा कल्याणला जातो आणि बसून येतो. मॅपला हे वेडेपणाचं वाटेल. पन्नास मिनिटं उभं राहून खांदा निखळवून घ्यायचा की वीस मिनिटं जास्त घालवून बसायचं, हा प्रश्न मॅपला पडतच नाही.

घाटकोपरला उतरणं हाही वेगळा विषय. कुठल्या बाजूला प्लॅटफॉर्म येतं ते आधीच माहीत हवं आणि दोन स्टेशनं आधीपासून दाराकडे सरकायला हवं. उतरलात की जिना, पूल, बॅग तपासणीची रांग. आणि रांगेच्या शेवटी चार डब्यांची मेट्रो. बारा डब्यांच्या लोकल एकामागून एक जिथे रिकाम्या होतात, तिथे पुढे न्यायला चार डबे. हे गणित चौथीतल्या मुलाला दिलं तरी तो विचारेल, बाकीचे कुठे जातात?

बाकीचे पुलावर उभे राहतात.

संध्याकाळ तर आणखी मजेशीर. सकाळचा रूट उलटा केला की परतीचा रूट होतो, असं मॅप समजतो. पण घाटकोपरला संध्याकाळी सातला कल्याण फास्टमध्ये शिरून दाखवा. म्हणून लोक मरोळहून उलट्या दिशेने अंधेरीला जातात, तिथून दादर, आणि दादर किंवा परळहून सुटणारी गाडी धरतात. नकाशावर हा शुद्ध द्राविडी प्राणायाम आहे. पण त्याच्या शेवटी बसायला मिळण्याची शक्यता असते, चौथी सीट का होईना.

डेटा स्ट्रक्चरच्या पेपरला आम्ही सगळ्यांनी डायक्स्ट्राचा अल्गोरिदम पाठ केला होता. प्रत्येक रस्त्याला एक किंमत द्यायची, मग सगळ्यात स्वस्त वाट आपोआप मिळते. अट एवढीच की ती किंमत आधीच माहीत हवी. इथे ती रोज बदलते, आणि ती बदलण्याचं एक कारण म्हणजे तुमच्यासारखाच विचार करणारे बाकीचे लोक. ज्याला त्याला घाटकोपर सुचलं की घाटकोपर तुंबतं. मॅपमध्ये रस्त्याची लांबी असते. त्यात एका वेळी किती माणूस मावतो, हे नसतं. एम-इंडिकेटर निदान याच मातीतलं आहे, त्यावर प्रवासीच एकमेकांना कळवतात की गाडी कुठे अडकली. तेही शेवटी लोकांनी लोकांसाठी चालवलेलं दळण.

आणि सरासरी ही गोष्ट तर सोडूनच द्या. सर्व्हर सरासरी किती वेळात उत्तर देतो, एवढं बघून आमच्या धंद्यात कोणी खूश होत नाही. शंभरातल्या सगळ्यात वाईट पाच वेळा काय होतं ते आम्ही बघतो, कारण ग्राहक शिव्या घालतो तो त्या पाचांसाठी. प्रवासाचंही तेच. सव्वा तास हा चांगल्या दिवसाचा आकडा. सिग्नल बिघडला, कुर्ला-सायनला पाणी भरलं, कुठे ओव्हरहेड वायर तुटली की त्याचे अडीच तास होतात. बऱ्याच ऑफिसांत तीन लेट मार्क म्हणजे अर्धी रजा. मग माणूस रोजच वाईट दिवस धरून निघतो. सव्वा तासाच्या रूटसाठी पावणेदोन तास आधी. ही रोजची अर्धा तास झोप कुठल्याच ऑफर लेटरमध्ये मोजलेली नसते.

आता मूळ मुद्दा. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि पुढे दोन्ही रेल्वे वाढल्या त्या उत्तर-दक्षिण. सकाळी माणसं खाली फोर्टकडे न्यायची, संध्याकाळी वर आणायची. ऑफिसं फोर्टात होती तोवर ठीक. मग ती बीकेसीला गेली, अंधेरीला गेली, पवईला, ऐरोलीला. हे कोणी ठरवलं? ट्रेनने जाणाऱ्याने नक्कीच नाही. जागा दिल्या गेल्या, काचेच्या इमारती उठल्या, आणि तिथे माणसं कशी पोचतील हा प्रश्न प्रत्येक माणसाच्या खिशातल्या फोनवर ढकलला गेला.

लोअर परळ-एल्फिन्स्टनला याचा शेवट काय झाला, ते आपण बघितलंय. गिरण्यांच्या जमिनींवर ऑफिसं आली, पूल तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला त्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यातल्या कोणाचाच रूट चुकला नव्हता. त्यानंतर लष्कराला बोलावलं आणि पाच महिन्यांत तिथे नवा पूल उभा राहिला. पाच महिने! हे काम इतक्या लवकर होण्यासारखं होतं, हेच मला जास्त झोंबतं.

ऐरोलीचं घ्या. कल्याण-डोंबिवलीचे लोक ठाण्याला उतरून, पूल चढून ट्रान्स-हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर जातात. ठाण्यातली निम्मी ढकलाढकली ही अशीच, ठाण्यात काहीही काम नसलेल्या लोकांची. कळवा ते ऐरोली थेट जोडणारा मार्ग मंजूर आहे. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं. जोड मात्र रखडलाय, कारण वाटेत राहणाऱ्या कुटुंबांचं पुनर्वसन. त्या कुटुंबांवर राग काढणाऱ्यांचं मला पटत नाही. घर मिळाल्याशिवाय घर का सोडावं कोणी? ते ज्यांनी द्यायचं, त्यांना विचारा.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "मग ऑफिसजवळ घर घे." मरोळला वन-बीएचके भाड्याने घेऊन पगारातलं काय उरतं, हे विचारणाऱ्याने स्वतः कधी मोजलेलं नसतं. शिवाय आयटीतली नोकरी दोन-तीन वर्षांची. आज मरोळ, उद्या ऐरोली. आईबाबांना प्रत्येक वेळी सामानासकट उचलायचं का? दुसरं उत्तर, "एसी लोकलने जा." जरूर. ज्याला परवडते आणि ज्याच्या वेळेला ती आहे, त्याने जावं.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. किमान चार जण गेले. सोमवारची सकाळ, कामाची वेळ. मग नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं देण्याची घोषणा झाली. दार बंद झाल्यावर बाहेर राहणाऱ्यांनी कितीची गाडी धरायची, ते मात्र ऐकलं नाही. आणि 'लटकतात कशाला, स्टंट करतात' असं लिहिणाऱ्यांचा पाऊस पडला, त्यांतल्या निम्म्यांची गाडी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये उभी असते.

मध्य रेल्वेने २०२३ मध्ये शहरातल्या आस्थापनांना पत्रं पाठवून कामाच्या वेळा मागेपुढे करायला सांगितलं होतं. ज्या कामाला लॅपटॉप आणि वायफाय लागतं, ते साडेनऊलाच सुरू झालं पाहिजे असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? माझ्या एका जुन्या ऑफिसात साडेनऊचं स्वाइप होतं आणि पहिली मीटिंग साडेअकराला. ग्राहक अमेरिकेत, तो तेव्हा झोपलेला. त्या दोन तासांत आम्ही चहा प्यायचो आणि दुखणारे पाय चोळायचो.

म्हणून इंटरव्ह्यूच्या शेवटी "एनी क्वेश्चन्स?" विचारतात ना, तेव्हा 'कंपनी कल्चर'बद्दल गोडगोड विचारू नका. स्वाइप कितीला आहे विचारा. लोकल बंद पडली तर लेट मार्क लागतो का, अकराला आलं तर चालतं का, पावसात घरून काम करता येतं का, आणि रात्री उशिरा थांबलेल्या मुलीला स्टेशनपर्यंत सोडायला गाडी असते का. एचआर अडखळेल. अडखळू दे. पगाराच्या आकड्यावर आपण घासाघीस करतोच, मग सकाळच्या आठ सत्तावीसवर का नाही?