थिबा गेला, पाठोपाठ तवाही

ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते आणि आईचा फोन आला. ‘‘अगो, आपला थिबा गेला!’’ मी तिथल्या तिथे ‘‘काय? कधी?’’ करून ओरडले. लिफ्टमधल्या मंडळींना वाटलं, घरातलं कोणी मोठं माणूसच गेलं.

थिबा म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या घरातला बजी. दुकानात सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात ना, तोच. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. वजन जेमतेम पस्तीस ग्रॅम, पण तोरा राजाचा. आपल्या मुलखापासून लांब, रत्नागिरीत बंदिस्त, म्हणून बाबांनी ब्रह्मदेशच्या राजाचं नाव ठेवलं. तो थिबा इथे तीसेक वर्षं नजरकैदेत काढून १९१६मध्ये गेला. आमचा तीन वर्षांतच. खरं तर नीट सांभाळला तर बजी सात-आठ वर्षं सहज जगतो.

मग काय, घरात तपास सुरू! बाबांचा संशय मांजरावर. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली. भावाचं निदान बर्ड फ्लू. ते अगदीच हवेतलं नव्हतं. जानेवारी २०२१मध्ये आमच्याच जिल्ह्यात, दापोलीला तो सापडला होता. पण त्यासाठी आजारी पक्ष्याशी किंवा त्याच्या विष्ठेशी संबंध यावा लागतो आणि थिबा तर घराबाहेर पडलाच नव्हता. आणि मी? मी आईलाच झापलं, ‘‘पाणी तरी बदललं होतंस का?’’

संध्याकाळी पक्ष्यांच्या एका डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा पहिलाच प्रश्न, ‘‘त्या वेळी स्वयंपाकघरात काय चालू होतं?’’

घावणे चालू होते. आईने नॉनस्टिक तवा तापत ठेवला आणि तेवढ्यात दारात मासेवाली आली. बांगड्यांचा भाव ठरेपर्यंत रिकामा तवा मोठ्या आचेवर. आणि पिंजरा स्वयंपाकघराच्याच खिडकीत.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तव्यावरचं कोटिंग साधारण २८० अंशांच्या पुढे तापलं, की विषारी वायू सोडायला लागतं. आपल्याला फारसं कळतही नाही. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून मात्र हवा सतत एकाच दिशेने वाहते, प्रत्येक श्वासातला जास्तीत जास्त प्राणवायू ते ओढून घेतात. उडायला हे बेस्ट, पण विषही तसंच ओढलं जातं. ब्रिटनमधल्या कोळसा खाणींत १९८६पर्यंत कॅनरी पक्षी ठेवायचे, ते याचसाठी.

आता खरी गोम. तो तवा दिवाळीच्या बोनसमधून मीच नेला होता. ‘‘आई, तो बिडाचा तवा टाक आता भंगारात,’’ असं वर ऐकवूनही आले होते.

पण डॉक्टर छातीठोकपणे काही सांगेनात. त्यासाठी पक्षी तपासायला हवा होता आणि बाबांनी तर त्याला हापूसच्या कलमाखाली पुरलंसुद्धा. (असं झालंच तर पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, आणि लगेच डॉक्टरांकडे न्यायचं.) नुसतं राळं खाऊन वर्षानुवर्षं काढली तरी बजीचं लिव्हर खराब होतं. शिवाय थव्यातला आजारी पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून पक्षी दुखणं लपवतात. पिसं फुगवून बसणं, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणं, दांडी सोडून तळाशी बसणं, एवढंच काय ते दिसतं.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, ‘‘आठवडाभर फुगूनच बसायचा गो. मला वाटलं, थंडी वाजत्ये.’’ मी रोज व्हिडीओ कॉल करत होते. मागे पिंजरा दिसायचा. मलाही कुठे काय कळलं?

तव्याचं आईला सांगू की नको, यात दोन दिवस गेले. शेवटी सांगून टाकलं आणि पाण्यावरून झापल्याबद्दल सॉरीही म्हटलं. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘तवा तू आणलास, गॅसवर मी ठेवला, पिंजरा तिथे ह्यांनी टांगला. आता कुणाकुणाला बोलणार?’’

परवा घरी गेले, तर घावणे बिडाच्या तव्यावर. तिने तो भंगारात टाकलाच नव्हता. नॉनस्टिकचं मी विचारलं नाही. खिडकीतला खिळा मात्र अजून तसाच आहे.