आधी वारा, मग बेट

गेले आठ दिवस घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. पांढऱ्या भिंती, निळे घुमट, खाली निळंशार पाणी. सँटोरिनी! त्याखाली वहिनीची फर्माईश: "यंदा बोट घेऊन इथेच जायचं." आणि त्याखाली अकरा अंगठे.

बारावा अंगठा माझा. तो मी दिला नाही. त्यावरून "हिला सगळ्यात खोट काढायची सवयच आहे" हे ऐकूनही झालं. ग्रुपवर लांबलचक लिहिलं की कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितेय. निदान आत्या तरी वाचेल.

तर माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. शिडाची बोट भाड्याने कुठून घ्यायची हे फोटोवरून ठरवू नये, वाऱ्यावरून ठरवावं. हॉटेल फोटो बघून घेतलं आणि फसलं तर फार तर खोली लहान निघते. बोटीचं तसं नसतं.

ग्रीसचा समुद्र म्हणजे एकच समुद्र नव्हे, ही पहिली गोष्ट. पूर्वेला एजियन आणि पश्चिमेला आयोनियन. सँटोरिनी, मिकोनोस, पारोस ही सिक्लाडीसची बेटं एजियनमध्ये येतात. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. हे वादळ नव्हे, बरं का. आकाश स्वच्छ, ऊन लख्ख, आणि वारा मात्र कधीकधी ताशी पन्नास-साठ किलोमीटर, तोही सलग तीन-चार दिवस. त्यामुळे फोटो सुंदरच येतो. फोटोत वारा दिसत नाही ना!

आता थोडं गणित. अथेन्सहून सँटोरिनी सव्वाशे सागरी मैलांच्या आसपास. आपल्याला परवडणारी चाळीस फुटी बोट ताशी पाचेक मैल जाते. म्हणजे जाऊन-येऊन पन्नास तास नुसता प्रवास. बोट मिळते शनिवार ते शनिवार आणि बहुधा शुक्रवारी संध्याकाळी परत आणून उभी करायची असते. जाताना वारा पाठीशी, म्हणून मजा वाटते. येताना तोच वारा नाकावर! बरं, पोहोचलात तरी सँटोरिनीचा तो प्रसिद्ध कडा ज्वालामुखीच्या विवराचा आहे. खाली पाणी इतकं खोल की नांगर धरायला तळ सापडणं मुश्कील. दक्षिणेला एक छोटं बंदर आहे, तिथे जागा मिळाली तर मिळाली.

हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाहीये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हीच चूक मी स्वतः केली होती. परवाना नवा, अंगात उत्साह, आणि अशाच एका फोटोच्या नादाने अथेन्सहून बोट घेतली. दुसऱ्या दिवशी कीथ्नोस बेटावर मेरिखास बंदरात शिरलो आणि तिथेच अडकलो. तीन दिवस! रात्रभर डोलकाठीवरच्या दोऱ्या वाजत होत्या. चौथ्या दिवशी, बोट वेळेत परत करायची या एकाच काळजीने, वारा पुरता उतरायच्या आत मी निघाले. सूनियोच्या वाटेवर एका लाटेने बाबा बसल्या जागेवरून फेकले गेले आणि मनगट मोडलं. बाबा आजवर कोणालाही "मी घसरलो" असंच सांगतात. बाबा घसरले नव्हते. निघायचा निर्णय माझा होता, आणि त्याआधी बोट तिथून घ्यायचा निर्णयही माझाच.

प्लॅस्टरमधला हात घेऊन बाबा एवढंच म्हणाले, "पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला लाँच सुटत नाही. तेव्हा आपण कुरकुर करतो का?" आपले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात आणि कोणी त्यांना भित्रं म्हणत नाही. मग परदेशात पैसे भरले की समुद्राने आपलं वेळापत्रक पाळावं असं आपल्याला का वाटतं?

माझं मत आहे आयोनियनला, लेफ्काडाहून बोट घ्यायला. हे बेट पुलाने मुख्य भूमीला जोडलेलं आहे आणि प्रेवेझाचा विमानतळ गाडीने अर्ध्या तासावर. उन्हाळ्यात सकाळी पाणी बहुधा शांत, दुपारी वायव्येचा मायस्त्रो वारा येतो आणि संध्याकाळी पडतो. बेटं जवळजवळ. मेगानिसी, इथाका, केफालोनियाचं फिस्कार्दो, सगळं काही तासांच्या टप्प्यांत. मुलं दुपारी पोहतील आणि आई रात्री झोपेल. गोष्टीच हव्या असतील तर इथाका ओडिसियसचं आणि वाटेतलं स्कोर्पियोस ओनासिसचं. जॅकलिन केनेडीशी त्याचं लग्न १९६८ मध्ये तिथेच लागलं. फिस्कार्दो १९५३ च्या भूकंपातून बऱ्यापैकी वाचलं, म्हणून जुनी घरं अजून बघायला मिळतात.

दादा म्हणेल, "अथेन्सची बोट स्वस्त पडते." पडत असेल. पण सात दिवसांचं भाडं भरून तीन दिवस बंदरात बसलो तर ती स्वस्त कशी? भाडं दिवसांनी नाही, शीड उघडलेल्या दिवसांनी भागायचं.

वहिनी म्हणेल, "मग सँटोरिनी बघायचंच नाही?" बघ ना! पिरेयसहून मोठी फेरीबोट जाते. कड्यावर बसून खाली बघ, फोटो काढ. तो फोटो मुळात कड्यावरूनच काढलेला आहे, बोटीतून नाही!

आयोनियनला काहीच दोष नाहीत असंही नाही. ऑगस्टमध्ये गर्दी मरणाची, दुपारी तीननंतर छोट्या बंदरांत जागा मिळत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस वादळाने याच बेटांना झोडपलं होतं. समुद्र कोणालाच हमी देत नाही. आणि मुरलेले खलाशी मुद्दाम मेल्तेमीत जातात, त्यांना माझा दंडवत. पण आपण बारा जण आहोत, दोन बोटी लागणार, आणि सुकाणू धरता येणारे आपल्यात फक्त दोघं. माझ्या आणि दादाच्या मुलांच्या शाळा ऑगस्टमध्येच बंद असतात, म्हणून महिना बदलता येत नाही. जागा बदलता येते.

असो. लेफ्काडाच्या दोन बोटी बघून ठेवल्यात. एकीवर तिथला नाखवा घेऊया, त्याचे रोजचे पैसे गेले तरी चालतील. पटलं तर अंगठा द्या, नाही पटलं तर रविवारी फोनवर भांडू. पण एक सांगून ठेवते, बाबांना घेऊन ऑगस्टमध्ये एजियनमध्ये मी सुकाणू धरणार नाही.