हरिश्चंद्रगडाचा रकाना रिकामाच राहू द्या

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराची गुहा आहे. आत कंबरभर थंडगार पाणी, मधोमध भलंमोठं शिवलिंग, भोवती चार खांब. तीन तुटलेत, एक उभा आहे. पुढचं रील्सनी तुमच्याकडून पाठच करून घेतलंय: चार खांब म्हणजे चार युगं, चौथा पडला की जग संपणार.

दंतकथा असू दे की, मजा येते. माझं भांडण ती 'इतिहास' म्हणून शेअर करणाऱ्यांशी आहे. खांब युगं संपली म्हणून पडत असतील, तर त्याला जबाबदार कोणीच नाही. भेगांत मुरणारं पाणी नाही, दगडाला मिठी मारून फोटो काढणारी गर्दी तर नाहीच. कलियुग आहे, चालायचंच! बरं, अख्खी गुहा एकाच कातळात कोरलेली आहे. घारापुरीतही कितीतरी खांब तुटले होते, तिथलं छत काही कोसळलं नाही.

डेटाबेसमध्ये माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवतात. आळशी डेव्हलपर मात्र फॉर्म पुढे जावा म्हणून तिथे १ जानेवारी १९७० टाकून देतो, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी त्यावरून रिपोर्ट काढतं. गडाचं तेच झालंय. 'सहाव्या शतकात कलचुरींनी बांधला' हे वाक्य दिसेल तिथे कॉपी-पेस्ट. कुठला शिलालेख, विचारा. पुराणात उल्लेख आहे म्हणतात. कुठला अध्याय, विचारा. देऊळ 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतात. हेमाद्री यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथच्या देवळात १०६० सालचा शिलालेख आहे, तरी त्यालाही आपण हेमाडपंतीच म्हणतो! चांगदेव इथे राहिले असं सांगतात. पण तेच चांगदेव १४०० वर्षं जगले असंही सांगतात, त्यामुळे ते कुठल्याही शतकात बसतात. १७४७ मध्ये गड मोगलांकडून मराठ्यांकडे आला, इथे मात्र जमीन जरा घट्ट लागते.

पहिला दगड कोणी रचला हे माहीत नाही म्हटल्याने गडाची किंमत कमी होत नाही. उलट खोटी तारीख एकदा पक्की झाली की खरी शोधायला कोण जाणार?

पुढच्या ट्रेकला पाण्यात उतरू नका. काठावरूनच चौथ्या खांबाच्या बुंध्याचा फोटो काढा, खाली त्या दिवसाची तारीख टाका आणि पोस्ट करा. दहा वर्षांनी दगड किती झिजला हे त्यावरून तरी कळेल.